रक्त मिळाले, पण हृदयाचे काय?

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या विहारांतून, समाजमंदिरांतून रक्तदान शिबिरे भरतात. मिरवणुकीचा खर्च थोडा आवरा आणि एक पिशवी रक्त द्या, असे सांगत आम्हीही या शिबिरांत राबत आलो आहोत. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, रक्तदाते मिळत नाहीत आणि रक्तपेढ्यांत टंचाई पडते. अशा वेळी आपल्या तरुणांनी दिलेले रक्त बाळंतिणीला मिळते, अपघातात सापडलेल्याला मिळते. त्यातल्या काही पिशव्या अशा मुलांना जातात, ज्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर, दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. ही थॅलेसेमियाची मुले.

मुलाला रक्त मिळाले म्हणजे मूल वाचले, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. ज्या मुलांना रक्त वेळेवर मिळत होते, अशीही कित्येक मुले ऐन उमेदीत गेली आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुले हृदयाच्या विकाराने गेली आहेत. हे असे का होते? यावर कोणती औषधे निघाली? त्या औषधांची चाचणी कोणी, कशी घेतली? आणि उद्या एखाद्या डॉक्टरांनी तुमच्या आमच्या मुलाला नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ का असे विचारले, तर आपण काय उत्तर द्यायचे? या प्रश्नांचा विचार आज करू या.

आजार कशाने होतो?

आपल्या रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिनमुळे असतो. हिमोग्लोबिन कसे तयार करायचे याची सूचना मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळते. दोन्हीकडून आलेली सूचना सदोष असेल तर हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही. असे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. पुढे सहा महिने ते दोन वर्षे या वयात ते पांढरे पडू लागते, दूध पीत नाही, पोट फुगते. यालाच थॅलेसेमिया मेजर म्हणतात.

एकाच बाजूची सूचना सदोष असेल तर त्या व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात काम करतो, ओझी उचलतो, त्याला काहीही जाणवत नाही. भारतात दर शंभरात साधारण तीन-चार लोक असे वाहक आहेत आणि दरवर्षी देशात सुमारे १० ते १२ हजार बाळे थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. गावात एखादेच मूल असे असते. त्यामुळे आजाराचे नावही कोणी ऐकलेले नसते. मग देवीचा कोप, मागच्या जन्मीचे पाप, आईचा पायगुण, असली कारणे शोधली जातात. ही सारी कारणे खोटी आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असल्याशिवाय हा आजार मुलाला होतच नाही. तेव्हा एकट्या आईला दोष देणे हा अन्याय आहे.

लोहाचा जमाखर्च

आम्ही पेशाने कारकून. जमाखर्च मांडला की कोणतीही गोष्ट आम्हाला लवकर समजते. तेव्हा लोहाचाही जमाखर्च मांडून पाहू.

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. वाढलेल्या मुलाला महिन्याला दोन पिशव्या लागतात असे धरले, तर वर्षाला २४ पिशव्या झाल्या. पिशवीमागे २०० मिलिग्रॅमच धरले तरी जमेच्या बाजूला ४,८०० मिलिग्रॅम लोह आले. आता खर्चाची बाजू पाहा. शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची वाटच नाही. कातडीच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज एक-दोन मिलिग्रॅम जाते, तेवढेच. एक मिलिग्रॅम धरले तर वर्षाचा खर्च ३६५. म्हणजे वर्षअखेर शिल्लक जवळजवळ ४,४०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात मिळून लोह असते ३ ते ४ हजार मिलिग्रॅम. या मुलाच्या अंगात तेवढे लोह एका वर्षात नव्याने साठते. दुसऱ्या वर्षी आणखी, तिसऱ्या वर्षी आणखी.

ही शिल्लक आधी यकृतात साठते. मग ग्रंथींत शिरते. मुलाची उंची खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह जडतो. शेवटी ती हृदयाच्या स्नायूत शिरते. हृदयाचे ठोके चुकू लागतात, चालताना धाप लागते, पायांवर सूज येते. लोह काढण्याचे औषध न मिळालेल्या मुलांचे हृदय विशीच्या आसपास, पुष्कळदा त्याआधीच, थकते. दुःखाची गोष्ट अशी की, बाहेरून दिसणारी ही लक्षणे फार उशिरा येतात. तोवर मूल हसत-खेळत असते आणि आईबाप निर्धास्त असतात.

सुईपासून गोळीपर्यंत

साठलेले लोह पकडून लघवीवाटे बाहेर काढणारे पहिले चांगले औषध डेफेरॉक्सामाइन. ते १९६० नंतरच्या दशकात वापरात आले. औषध गुणकारी, पण ते पोटातून घेता येत नाही. पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपाने, रात्री आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री ते द्यावे लागते. औषध महाग, पंप महाग आणि मुलाला रोजचा त्रास. मजुरीवर पोट असलेल्या घराला हे जन्मभर कसे झेपणार? आपल्या देशातील बहुसंख्य मुलांना हे औषध नीट मिळालेच नाही.

म्हणून तोंडाने घेण्याच्या औषधाचा शोध सुरू होता. लंडनच्या संशोधकांनी असे औषध तयार केले आणि १९८७ साली माणसांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या औषधाला तेव्हा 'एल-वन' म्हणत. पुढे त्याचे नाव डेफेरिप्रोन पडले. त्याची एक महत्त्वाची चाचणी आपल्या महाराष्ट्रात झाली, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांना हे औषध दीर्घकाळ देऊन त्याचे गुण आणि दोष दोन्ही तपासले. 'भारतीय चाचणी' या नावाने तो अहवाल १९९२ साली ब्रिटनच्या रक्तविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. पुरेशा मात्रेत दिले तर गोळी लोह बाहेर काढते, हे त्यात दिसले. अनेकांचे सांधे दुखतात, हेही त्यात स्वच्छ नोंदले गेले.

त्यानंतर १९९५ मध्ये सिप्ला कंपनीने हे औषध 'केल्फर' या नावाने बाजारात आणले. हे औषध सर्वप्रथम विक्रीला आले ते आपल्या देशात. युरोपने त्याला १९९९ साली परवानगी दिली आणि अमेरिकेने तर २०११ साली.

या औषधाचे धोकेही सांगितले पाहिजेत. सुमारे शंभरात एका रुग्णाच्या रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी फार कमी होतात. म्हणून या औषधावर असलेल्या मुलाची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तशी वरचेवर करावी लागते. मुलाला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. लघवी तांबूस होते. तिला मात्र घाबरायचे कारण नाही, लोह बाहेर पडते आहे त्याचा तो रंग आहे.

हृदयातले लोह कसे कळले?

रक्तातील फेरिटिन तपासले की शरीरात लोह किती साठले याचा अंदाज येतो. पण फेरिटिन बरे असूनही हृदय लोहाने भरलेले असू शकते. इको तपासणीतही बिघाड उशिरा दिसतो. मग हृदयातले लोह मोजायचे कसे? २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी एम.आर.आय. यंत्रावर 'टी-टू-स्टार' नावाची मोजणी प्रसिद्ध केली. ना सुई, ना चिरफाड. आकडा २० पेक्षा कमी आला की हृदयात लोह शिरले आहे. १० पेक्षा कमी आला की धोका फार मोठा.

हे मोजमाप हाती आल्यावर खरी तुलना करता आली. इटली आणि ग्रीसमधील ६१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला सुईचे औषध, दुसऱ्याला डेफेरिप्रोनची गोळी, असे वर्षभर दिले. २००६ साली निष्कर्ष आले. हृदयाचा आकडा गोळीच्या गटात २७ टक्क्यांनी सुधारला होता, सुईच्या गटात १३ टक्क्यांनी. त्याच वर्षी इटलीतील ५१६ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सुईच्या औषधावर असताना ५२ रुग्णांना हृदयाचा त्रास झाला आणि त्यांपैकी १० जण दगावले. गोळीवर गेलेल्या १५७ जणांत हृदयाची एकही घटना घडली नाही. हा दुसरा हिशेब चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा नव्हता, म्हणून त्याचे वजन थोडे कमी धरावे लागते. तरीही दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. गोळी हृदयाला जपते.

पुढे डेफेरासिरॉक्स हे दिवसातून एकदा घेण्याचे औषधही आले. हृदयात लोह जास्त असेल तर आज डॉक्टर दोन औषधे जोडूनही देतात. कोणाला कोणते औषध द्यायचे, हे तपासण्या पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

रक्तदाबाची साधी गोळी

या शोधातली आणखी एक पायरी आम्हाला विशेष मोलाची वाटते. अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्या उशाशी असते. जुनी, स्वस्त, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी. कॅल्शियम आत जाण्यासाठी हृदयाच्या पेशींना ज्या वाटा असतात, त्याच वाटांनी जादा लोहही आत घुसते, असे संशोधकांना दिसले होते. अ‍ॅम्लोडिपिन याच वाटा अरुंद करते. मग लोह काढण्याच्या नेहमीच्या औषधाला तिची जोड दिली तर?

ब्राझील देशातील डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या ६२ रुग्णांवर हे तपासले. सर्वांचे लोह काढण्याचे औषध चालूच ठेवले. त्यावर चिठ्ठ्यांच्या पद्धतीने काहींना अ‍ॅम्लोडिपिन दिली आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. बारा महिन्यांनी मोजमाप केले. ज्यांच्या हृदयात आधीच लोह साठले होते, त्यांच्यापैकी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांचे लोह कमी झाले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे तसे झाले नाही. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला.

आता त्याची मर्यादाही ऐका. रुग्ण थोडे होते, मुदत एक वर्षाची होती. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढली, असे या चाचणीत दिसले नाही. ज्यांच्या हृदयात लोह नव्हतेच, त्यांना विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे ही गोळी जोडीची आहे. लोह काढण्याच्या औषधाची जागा ती घेऊ शकत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणीही आजीच्या डबीतली गोळी मुलाला देऊ नये. पण श्रीमंतांच्या महागड्या औषधांइतकीच कसून चाचणी एका स्वस्त गोळीचीही घेतली गेली, ही गरिबांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

अंगठा देण्यापूर्वी

चाचणी हा शब्द ऐकला की आपली माणसे दोन टोकांना जातात. एक म्हणतो, आमच्या पोरांवर प्रयोग करतात. दुसरा म्हणतो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितले ना, मग विचारायचे कशाला? आमच्या मते दोघेही चुकतात. चाचण्या झाल्या नसत्या तर आजही आपल्या मुलांच्या नशिबी रात्रभराची सुईच राहिली असती. पण विचारल्याशिवाय सही करणे हेही शहाणपणाचे नाही.

याच डेफेरिप्रोनची कॅनडातली कहाणी पाहा. टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी या औषधाची चाचणी घेत होत्या. काही रुग्णांवर औषधाचा परिणाम ओसरतो आहे, असे त्यांना दिसले आणि रुग्णांना हे सांगितलेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. औषध कंपनी अ‍ॅपोटेक्सला त्यांचे म्हणणे मान्य नव्हते. कंपनीने १९९६ साली चाचण्या थांबवल्या आणि माहिती उघड केल्यास कायदेशीर कारवाई करू असा इशारा दिला. डॉ. ऑलिव्हिएरी मागे हटल्या नाहीत. १९९८ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. त्यात यकृताला इजा होण्याची भीतीही मांडली होती. पुढे इतर संशोधकांना यकृताची तशी इजा आढळली नाही आणि औषध आजही वापरात आहे. पण २००१ साली प्राध्यापकांच्या संघटनेने नेमलेल्या चौकशी समितीने, रुग्णांना धोका सांगण्याची डॉ. ऑलिव्हिएरी यांची भूमिका योग्य ठरवली. औषध चांगले ठरो वा वाईट, ज्याच्या शरीरावर चाचणी चालते त्याला सर्व माहिती मिळालीच पाहिजे.

आपल्या देशातही २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम येथे आदिवासी मुलींना एक लस देताना कित्येक अर्जांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. सही कोणी करायची, हा प्रश्न गरिबांच्या बाबतीत किती सहज डावलला जातो, हे यातून दिसते.

आता २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. सरकारी नोंदणीपटावर तिची नोंद लागते. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई द्यावी लागते. मुलासाठी आईबापांची संमती लागते आणि सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे विचारावे लागते. तेव्हा अंगठा किंवा सही देण्यापूर्वी एवढे प्रश्न जरूर विचारा. हे औषध कशासाठी आहे? धोका काय आहे? चाचणीत न आल्यास मुलाचे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? मधेच बाहेर पडता येईल ना? चाचणी संपल्यावर औषध मिळेल का? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? आणि कागदाची एक प्रत घरी आणा.

आपल्या हाती काय आहे?

परंडा-भूमची माणसे बार्शी-सोलापूर गाठतात, कळंबची लातूर-अंबाजोगाईला जातात. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे रक्तासाठी कसेबसे जातात आणि लोहाच्या तपासणीला पुढच्या वेळी पाहू म्हणून टाळतात. हे टाळू नका. दहा-वीस वेळा रक्त दिल्यानंतर लोह काढण्याचे औषध सुरू व्हावे लागते. ते सुरू झाले आहे का, फेरिटिन किती आहे, हृदयाची तपासणी कधी करायची, हे तीन प्रश्न प्रत्येक फेरीत डॉक्टरांना विचारा आणि उत्तरे एका वहीत तारीखवार लिहून ठेवा. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचे टॉनिक किंवा शाळेत वाटली जाणारी लोहाची गोळी देऊ नका.

२०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया दिव्यांगत्वात गणला जातो. त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या. शासकीय रक्तपेढीतून या मुलांना रक्त विनामूल्य मिळाले पाहिजे. उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वे भाड्यात सवलत आहे. हा आजार मुळापासून बरा करणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण लहान वयात, जुळणारा भाऊ किंवा बहीण असल्यास, अधिक यशस्वी होते. त्यासाठी कोल इंडियाच्या २०१७ साली सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत मदत देण्याची तरतूद आहे.

आणि शेवटी लग्नाची गोष्ट. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातली सोयरीक अजून होते. एकाच घराण्यातील दोघांत एकच दोष असण्याचा संभव अधिक. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी बाळ आजारी होण्याची शक्यता असते. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे वाहक आढळतात. एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणून साखरपुड्याच्या आधी दोघांचीही एचबी-ए-टू ही रक्ततपासणी करून घ्यावी. लग्न झाले असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करावी; दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी होऊ शकते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय संस्थेत हे काम कित्येक वर्षे चालते. मात्र वाहक निघाली म्हणून कोणत्याही मुलीचे लग्न मोडू नये. वाहक नसलेल्या मुलाशी तिचा संसार निर्धास्त होऊ शकतो.

येत्या जयंतीच्या शिबिरात रक्तदानाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे, अशी आमची तरुण मंडळांना विनंती आहे. तिथे लग्नाच्या वयातील मुलामुलींची नावे तपासणीसाठी नोंदवावीत आणि ज्या घरात असे मूल आहे त्या घराला, हृदयाची तपासणी झाली का, एवढे विचारावे. आपल्या पिशवीतल्या रक्ताने त्या मुलाचा आजचा दिवस निभावतो. त्याचे हृदय टिकले तरच ते मूल शिकेल, नोकरीला लागेल आणि आईबापांचा आधार होईल.